छपरावरचा अँटेना आणि न गोठणारं फ्रीव्ह्यू: ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी

पुण्यात आमच्या वाड्यावरचे सगळे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे असायचे. दिशा कुणाला विचारायची गरजच नव्हती. टॉवर गडावर आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. स्लाऊला घर घेतलं तेव्हा चिमणीला पट्ट्याने बांधलेला एक जुना अँटेना घरासोबतच मिळाला. तो कुणाकडे बघतोय हे मात्र घर विकणाऱ्यालाही सांगता येईना. बीबीसी वन बरं दिसायचं, आयटीव्ही मधूनच गोठायचं, आणि पाऊस झाला की एचडी वाहिन्या गायब. मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात: दुकानातून बूस्टर (सिग्नल मोठा करणारी डबी) आणला. संध्याकाळी लावला, आणि बरं दिसणारं बीबीसी वनही गेलं.

पुढच्या दोन महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे: आधी मनोरा, मग अँटेना, मग केबल, मग खोल्यांमधली वाटणी, मग ट्यूनिंग. बूस्टर सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याच घरांत त्याची गरजच पडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. फ्रीव्ह्यू म्हणजे ब्रिटनमध्ये अँटेन्यावर येणारा डिजिटल टीव्ही. त्यावर मराठी वाहिनी नाही, त्यासाठी इंटरनेटच. पण बीबीसी, आयटीव्ही, चॅनेल फोर, फाइव्ह, मुलांच्या वाहिन्या, विम्बल्डन हे सगळं महिन्याच्या वर्गणीशिवाय मिळतं आणि ब्रॉडबँड बंद पडलं तरी चालू राहतं. टीव्ही लायसन्स मात्र लागतं, ते चुकत नाही.

मुंग्या गेल्या, कडा आला

जुन्या टीव्हीत सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मुंग्यांमधूनही गावसकरची बॅटिंग बघितलेली पिढी आपली. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. वाटेत बिघडलेले बिट टीव्ही शेवटपर्यंत दुरुस्त करत राहतो आणि चित्र लख्ख ठेवतो. दुरुस्तीची ताकद संपली की एकदम चौकोन, तुटका आवाज, मग काळा पडदा. म्हणजे आज चित्र लख्ख आहे एवढ्यावरून सिग्नल चांगला आहे असं ठरत नाही. तुम्ही कड्यापासून दहा फुटांवर उभे आहात की दहा इंचांवर, हे चित्र सांगत नाही.

ते थोडंफार सांगतो टीव्हीच्या मेनूतला सिग्नलचा पडदा. तिथे दोन आकडे दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक पहिल्याच्या मागे लागतात. बघायचा दुसरा. स्ट्रेंग्थ ९० आणि क्वालिटी ४० असेल तर तुमच्याकडे भरपूर कचरा येतोय, एवढाच त्याचा अर्थ. उलट स्ट्रेंग्थ ५५ आणि क्वालिटी १०० असेल तर हात लावू नका, चहा घ्या.

शिडी काढण्याआधी

अर्धी दुखणी खालीच बरी होतात. शेजाऱ्याला विचारा, त्याचंही चित्र जातंय का. जात असेल तर दोष मनोऱ्याचा असू शकतो. १० ऑगस्ट २०२१ रोजी उत्तर यॉर्कशरमधल्या बिल्सडेलच्या मनोऱ्याला आग लागली आणि लाखो घरांचा टीव्ही बंद पडला. त्या दिवशी कुणी छपरावर चढून काय करणार होता? मनोऱ्यांवरचे बिघाड आणि नियोजित कामं फ्रीव्ह्यूच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून बघता येतात.

मग भिंतीतल्या सॉकेटपासून टीव्हीपर्यंतची छोटी वायर बदला. स्वस्तातल्या, दोन्ही टोकांना प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेले प्लग असलेल्या वायरींमध्ये बऱ्याचदा नीट आवरण नसतं. शेजारचा फ्रिज सुरू झाला किंवा दिव्याचं बटण दाबलं की चित्र अडखळत असेल, तर संशयित क्रमांक एक हीच.

टीव्ही २०१० च्या आधीचा असेल तर एचडी वाहिन्या शोधत बसू नका. एचडी डीव्हीबी-टी२ पद्धतीने येतं. ते ब्रिटनमध्ये डिसेंबर २००९ मध्ये सुरू झालं आणि जुन्या ट्यूनरला ते कळत नाही.

तुमच्या घराचा सिंहगड कोणता?

पोस्टकोड टाकला की कव्हरेज तपासणीचं पान तुम्हाला एक किंवा अनेक मनोरे दाखवतं. लंडन आणि आसपास क्रिस्टल पॅलेस, मँचेस्टर-लिव्हरपूलकडे विंटर हिल, बर्मिंगहॅमला सटन कोल्डफील्ड, लीड्सच्या बाजूला एमली मूर. यातला कोणता घ्यायचा हे ठरवताना तीन गोष्टी टिपून ठेवा.

पहिली, दिशा. माझ्या घरापासून क्रिस्टल पॅलेस साधारण ३७ किलोमीटरवर, उत्तरेपासून सुमारे १०५ अंशांवर, म्हणजे पूर्वेपेक्षा जरा आग्नेयेकडे झुकलेला.

दुसरी, अँटेन्याच्या काड्या आडव्या हव्यात की उभ्या. मोठे मनोरे बहुतेक आडव्या ध्रुवणाने पाठवतात, छोटे रिले मनोरे, म्हणजे मोठ्याचा सिग्नल पुढे पोचवणारे, बहुतेक उभ्या. हे चुकलं तर दिशा बरोबर असूनही सिग्नल खूप पडतो. शेजाऱ्यांचे अँटेना बघून अंदाज घ्या, पण त्यावर विसंबू नका. माझ्या गल्लीत चार अँटेना चार दिशांना बघतात, आणि त्यातल्या दोन घरांत टीव्ही डिशवर चालतो.

तिसरी, चॅनेल क्रमांक. इथे एक शब्द स्पष्ट करतो. मी 'वाहिनी' म्हणतो तेव्हा बीबीसी वन वगैरे. 'चॅनेल' म्हणतो तेव्हा हवेतल्या यूएचएफ या टीव्हीच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यातली जागा. एका चॅनेलवरून वाहिन्यांचा अख्खा गठ्ठा येतो, त्याला मल्टिप्लेक्स म्हणतात, बोलताना नुसतं मक्स. क्रिस्टल पॅलेसवरून असे सहा मुख्य मक्स येतात: २२, २३, २५, २६, २८ आणि ३० या चॅनेलवर. बीबीसीचा २३ वर, आयटीव्ही-चॅनेल फोरचा २६ वर, मुख्य एचडी वाहिन्यांचा ३० वर, आणि बाकीचे तीन व्यापारी मक्स. हा कागद टीव्हीजवळ चिकटवा. पुढे कुठली वाहिनी गेली की ती कोणत्या गठ्ठ्यातली हे लगेच कळतं, आणि निम्मं निदान तिथेच होतं.

तुम्ही डोंगराआड, खोऱ्यातल्या गावात असाल आणि तुमचा मनोरा छोटा रिले असेल, तर तिथून फक्त तीन सार्वजनिक मक्स (बीबीसी, आयटीव्ही-चॅनेल फोर आणि मुख्य एचडी) येत असण्याची शक्यता मोठी आहे. उरलेले तीन तिथून पाठवलेच जात नाहीत. जगातला कुठलाही अँटेना ते आणू शकणार नाही. एका मित्राने वेल्समध्ये यासाठी दोनदा अँटेना बदलला होता.

अँटेना निवडताना

आपल्या लहानपणचे अँटेना एवढे अवाढव्य होते कारण दूरदर्शन व्हीएचएफवर यायचं. लहर लांब, म्हणून काड्या लांब. इथे आता टीव्ही ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झमध्ये, चॅनेल २१ ते ४८, एवढ्यातच आहे. ५०० मेगाहर्ट्झला लहर ६० सेंटिमीटरची, काडी तिच्या निम्मी. म्हणून अँटेना लहान.

त्याच्या वरचा पट्टा मोबाइलला दिला गेला. शेवटचा तुकडा २०२० मध्ये. याचा परिणाम खरेदीवर होतो. जुने 'वाइडबँड' यागी अँटेना (एका दांड्यावर काड्यांची रांग असलेले) सर्वांत जास्त सिग्नल वरच्या टोकाला पकडायचे, जिथे आता टीव्ही नाहीच, मोबाइल आहे. खालच्या चॅनेलवर त्यांचा जोर कमी. माझ्या छपरावरचा तसाच निघाला: नको ते मन लावून ऐकणारा.

क्रिस्टल पॅलेससारखा मनोरा, ज्याचे सगळे मक्स खालच्या भागात आहेत, त्याच्यासाठी 'ए' गटाचा अँटेना घ्यावा. ओळखीची खूण म्हणजे टोकाला लाल टोपी. चॅनेल वरपर्यंत पसरलेले असतील तर 'के' गट, करडी टोपी. सिग्नल चांगला असलेल्या भागात मला लॉग-पिरिऑडिक प्रकार आवडतो. माशाच्या काट्यासारखा दिसतो, फार जोरकस नाही, पण सगळ्या चॅनेलवर सारखं पकडतो आणि वारा कमी झेलतो. शंभर काड्यांचा राक्षस घ्यायची हौस सिग्नल खरोखर कमजोर असेल तरच.

पोटमाळ्यात लावला तर चालेल का? मनोरा जवळ आणि समोर मोकळं असेल तर चालतो. पण कौलं बराच सिग्नल खातात, ओली झाल्यावर आणखी खातात, आणि छपराखाली चांदीचा कागद लावलेलं इन्सुलेशन किंवा त्याच बाजूला सौर पॅनेल असतील तर विषय संपला.

लावणं आणि रोखणं

छपरावर स्वतः चढावं का, यावर माझं मत स्पष्ट आहे: एकमजली विस्ताराच्या भिंतीवर शिडीने पोचत असाल तर ठीक, चिमणीवर असेल तर माणूस बोलवा. शिडी चार फूट उंचीला एक फूट पुढे, या तिरकेपणात, वर बांधलेली, खाली कुणीतरी धरलेली. ओल्या कौलांवर आणि वाऱ्यात नाही. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा बघितल्याशिवाय पाइप उभा करायचा नाही. माणूस बोलवताना तो सीएआय या अँटेनावाल्यांच्या संघटनेचा सदस्य आहे का, आणि मोजमापाचं मीटर घेऊन येतो का, एवढं विचारा. मीटर नसलेला माणूस म्हणजे स्टेथोस्कोप नसलेला डॉक्टर. फ्लॅटमध्ये असाल तर आधी इमारतीच्या मालकाची परवानगी. कदाचित सामायिक अँटेना आधीच असेल.

दिशेसाठी फोनमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, लोखंडी पाइपाजवळ ते वाट्टेल ते सांगतं. सोपी युक्ती अशी: संगणकावर नकाशात घरापासून मनोऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढा आणि ती रेघ जवळच्या कुठल्या खुणेवरून जाते ते बघा. माझी रेघ मागच्या गल्लीतल्या एका घराच्या डाव्या चिमणीवरून जात होती. वर गेल्यावर अँटेना त्या चिमणीवर रोखला की झालं, अंदाज पाच अंशांच्या आत येतो.

पुढचं बारीक काम. आपली जुनी पद्धत, वरच्याने फिरवायचं आणि "आलं का?" विचारायचं, खालच्याने "आलं, आलं... गेलं!" ओरडायचं, इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण टीव्हीला नवा आकडा दाखवायला काही सेकंद लागतात. तोवर तुम्ही पुढे फिरवलेलं असतं. म्हणून असं करा. सगळ्यात कमजोर मक्स निवडा, त्याचा क्वालिटीचा आकडा लावून ठेवा. अँटेना थोडा डावीकडे वळवा, दहा सेकंद थांबा. आकडा पडायला लागला की पाइपावर पेन्सिलीने खूण. मग उजवीकडे तसंच, दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये आणून नट आवळा. सर्वांत चांगली जागा शोधण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या वाईट जागा शोधून मध्य काढणं जास्त खात्रीचं, कारण वरचा आकडा सपाट असतो, कडा मात्र तीव्र.

सिग्नल मुळातच भरपूर असेल तर आकडा १०० वर चिकटून बसतो आणि फिरवल्याचा काहीच पत्ता लागत नाही. त्यासाठी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर, काही पौंडांत मिळणारा इवलासा सांधा, मध्ये जोडा. सिग्नल मुद्दाम कमी केला की फरक दिसू लागतो. काम झालं की काढून टाका, पण फेकू नका. अशाच सांध्याने, जरा कमी जोराच्या, कड्यापासूनचं अंतरही मोजता येतं: सहा डेसिबलचा ॲटेन्युएटर मध्ये घालूनही सहाही मक्स चालू राहत असतील तर पावसाळी दिवसासाठी तुमच्याकडे शिल्लक आहे. एखादा मक्स गेला, तर चित्र आज लख्ख असलं तरी काम अपुरं आहे.

केबल: माझं खरं दुखणं

अँटेना बदलला, नीट रोखला, आणि तरी पहिल्या पावसात एचडी गेलं. मग भिंतीवरचं सॉकेट उघडलं. आतली तांब्याची तार हिरवी पडलेली आणि बोटाला ओल. वरच्या टोकाला टेप सुटली होती, पाणी केबलच्या जाळीतून वात शोषते तसं थेट दिवाणखान्यापर्यंत उतरलं होतं. ओली केबल सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या खात नाही. म्हणून कधी एकच मक्स जातो आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. पावसानंतर बिघडतं आणि दोन-तीन दिवसांच्या उन्हात सुधारतं, ही ओल्या केबलची सही समजा. ती वाळवायची नाही, पूर्ण बदलायची.

नवी केबल ७५ ओहमची, मध्ये भरीव तांबं, भोवती तांब्याची पट्टी आणि तांब्याचीच जाळी असलेली घ्या. ॲल्युमिनियमची जाळी नको. चांगल्या केबलमध्ये १० मीटरला साधारण दीड डेसिबल जातात, म्हणजे घरगुती लांबीत चिंता नाही. जुन्या तपकिरी केबलमध्ये त्याहून बरेच जास्त जातात आणि आवरण विरळ असल्याने बाहेरचा गोंगाट आत येतो.

तीन बारकावे. अँटेन्याच्या डबीतून निघाल्यावर केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी डबीत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडतं. भिंतीला भोक बाहेरून आत जाताना किंचित वर चढणारं पाडा. आणि उघड्यावरच्या प्रत्येक जोडाला साधी काळी टेप नव्हे, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा, फिरवून बसवायचा जोड) बसवताना जाळीचा एक केसभर तंतू मधल्या तारेला चिकटला तरी सगळा सिग्नल तिथेच मरतो. डोळ्यांनी दिसत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा.

खोल्याखोल्यांत वाटणी, आणि अखेर बूस्टर

एका केबलचे दोन भाग करणारा साधा स्प्लिटर प्रत्येक वाटेला सुमारे चार डेसिबल कमी करतो, चार भाग करणारा साधारण आठ. दोन टीव्ही असतील आणि सिग्नल चांगला असेल तर साधा स्प्लिटर पुरतो. सॉकेटपाशी सिग्नल ४५ ते ६५ डीबी मायक्रोव्होल्टच्या दरम्यान असला म्हणजे टीव्ही खूश. मीटरवाल्याला हे आकडे विचारा, तो तुमच्याकडे आदराने बघेल.

आता बूस्टर. तो सिग्नल सुधारत नाही, फक्त मोठा करतो, सोबतच्या गोंगाटासकट. टीव्हीमागे लावलेला बूस्टर म्हणजे केबलने जे खायचं ते खाऊन झाल्यावर उरलेलं फुगवणं. आमच्या गल्लीच्या टोकाला मोबाइलचा मनोरा आहे. बूस्टरने त्याचा आवाजही फुगवला, स्वतःच तुंबला आणि सगळे मक्स एकमेकांत कालवून टाकले. म्हणून बीबीसी वन गेलं होतं.

खरोखर कमजोर भागात, किंवा चार-पाच खोल्यांत टीव्ही हवे असतील, तर पाइपावर अँटेन्याजवळ बसणारा मास्टहेड बूस्टर घ्या. केबलमधला तोटा होण्याआधी तो काम करतो. त्याला वीज त्याच केबलमधून आतल्या छोट्या पुरवठ्याने जाते. तो पुरवठा कुणी चार्जर समजून काढून टाकला की अख्ख्या घराचा टीव्ही बंद. आमच्याकडे पाहुणे आले होते तेव्हा हे झालंय, म्हणून आता त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवलेली आहे. बूस्टर घ्याल तो मोबाइलच्या लहरी अडवणारी ४जी-५जी गाळणी असलेला, आणि गरजेपुरताच जोर असलेला.

ट्यूनिंग

सगळं झाल्यावर एकदा पूर्ण रीट्यून, म्हणजे टीव्हीला सगळ्या वाहिन्या नव्याने शोधायला लावायचं. इथे गंमत अशी की उंच अँटेन्याला एकाहून जास्त मनोरे ऐकू येतात. मला लंडनच्या बातम्यांऐवजी पहिल्या क्रमांकावर दक्षिणेच्या बातम्या यायच्या, कारण हॅनिंग्टनचा मनोराही पकडला जात होता. खऱ्या लंडनच्या वाहिन्या ८०० च्या पुढे ढकललेल्या. टीव्हीत मॅन्युअल ट्यूनिंग असेल तर आधी सगळं पुसून २२, २३, २५, २६, २८, ३० एकेक टाका. नसेल तर गावठी उपाय: आपोआप शोध २१ पासून वर जातो, तो ३१ च्या पुढे गेला की अँटेन्याची वायर काढून घ्या. हॅनिंग्टनचे चॅनेल त्याच्या वर आहेत, ते सापडतच नाहीत.

नंतर कधीतरी बिघडलं तर

सगळे मक्स एकदम गेले तर केबल, जोड किंवा मास्टहेडची वीज. एकच गेला तर आधी मनोऱ्याचा बिघाड तपासा, मग केबलची ओल. मे महिन्यात बिघडून नोव्हेंबरात सुधारत असेल तर समोरचं झाड; पालवी, त्यातून ओली पालवी, यूएचएफची शत्रू आहे. अँटेना मीटरभर वर किंवा बाजूला सरकवून बघा. हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांवरून परतणाऱ्या लहरींनी क्षणभर चित्र थरथरत असेल, तर मुळात सिग्नलची शिल्लक कमी आहे; ॲटेन्युएटरची परीक्षा पुन्हा घ्या. घराजवळ नवा मोबाइल मनोरा सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर अशा तक्रारींसाठी रिस्टोअर टीव्ही नावाची सेवा आहे, गाळणी तिथे मागता येते.

आणि उन्हाळ्यात हवेचा दाब वाढून दोन दिवस निरभ्र आकाश, संध्याकाळी मंद वारा असताना सहाही मक्स एकदम डळमळले, तर कशालाही हात लावू नका. अशा हवेत लांबचे, कधी समुद्रापलीकडचे मनोरे इथवर ऐकू येतात आणि तुमच्याच चॅनेलवर येऊन आदळतात. त्या वेळी रीट्यून केलं तर टीव्ही चालू असलेल्या वाहिन्याही विसरतो आणि हवा बदलल्यावर सगळं पुन्हा करावं लागतं. दाब उतरेपर्यंत थांबा. तोवर इंटरनेटवर बीबीसीचं आयप्लेयर आहेच.